चार बोटं पाणी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे नळीकाका म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. कारण ते स्वतःही कुणाला नावाने हाक मारत नसत. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "राहतेस कुठे?"

"मांजलपूरला."

"तळमजला?"

"हो."

"ओटा किती?"

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. म्हटलं, "दोन पायऱ्या." झालं, त्या दिवसापासून मी 'दोन पायऱ्या'. "काय गं दोन पायऱ्या, चहा घेतलास का?" असं चारचौघांत विचारायचे. आमचे शेठ सातव्या मजल्यावर राहायचे, म्हणून ते 'कोरडे'. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्याने शेठना "कोरडेसाहेब" म्हणून वाकून नमस्कार केला होता. शेठ गुजराती, त्यांना काही कळेना. आमच्याकडे झाडलोट आणि चहाचं काम करणाऱ्या जशीबेन नदीकडच्या एका वस्तीत राहायच्या. त्यांच्या घराला ओटाच नव्हता, रस्ता आणि घर एका पातळीत. त्यांना काका 'उंबरा' म्हणत.

आमचं ऑफिस अलकापुरीत, चौथ्या मजल्यावर. काम नकाशांचं. म्हणजे भिंतीवर लावायचे नकाशे नव्हेत. उपग्रहाने काढलेले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, त्यावर वस्ती, रस्ते, झाडं, नाले यांचे थर एकावर एक चढवायचे आणि कुठला तलाव बुजवून सोसायटी झाली, कुठली झाडं गेल्यावर कुठला भाग तापायला लागला, कुठे भिंत घातली म्हणून पाणी कुणाच्या घरात शिरलं, ते शोधायचं. माणसाने जमिनीला काय केलं आणि जमिनीने माणसाला काय परत केलं, याचा पंचनामाच म्हणा. माझे बाबा बाजव्याकडे रिफायनरीत होते. त्यांना माझं काम कधी समजलं नाही. ते लोकांना सांगायचे, "एसीत बसून गुगल बघते." फारसं खोटं नव्हतं ते.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. रुळांच्या पातळ्या बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. आमच्याकडे प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असत. एक 'तयार केलं', दुसरी 'तपासलं'. पहिल्या चौकटीत आमच्यासारख्यांचं नाव, दुसऱ्या चौकटीत काकांची सही. शेठनी त्यांना तेवढ्या सहीसाठी ठेवलं होतं. त्यांनी आपलं काम इतकं मनावर घ्यावं अशी शेठची अजिबात अपेक्षा नव्हती.

बारा महिने गमबूट. मे महिन्यात, बडोद्याच्या उन्हात, गमबूट घालून हिंडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आणि खांद्यावर ती नळी. गवंडी वापरतात तसली पारदर्शक प्लास्टिकची नळी, तीस फुटांची, वेटोळं करून हारासारखी अडकवलेली. तिच्यात पाणी, आणि पाण्यात कपड्यांची नीळ, लांबून दिसावं म्हणून. एक टोक इथल्या भिंतीला धरायचं, दुसरं पलीकडच्या. मधे खड्डा असो की ढिगारा, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं. मग कुठली जमीन किती वर, किती खाली, ते फूटपट्टीने मोजायचं. एवढं साधं यंत्र. पण काकांच्या मते त्याच्यानंतर जगात काही नवीन निघालेलंच नव्हतं.

कॉम्प्युटरच्या उंदराला त्यांनी कधी हात लावला नाही. मागे उभं राहून पडद्यावर पेन्सिल टेकवायचे आणि विचारायचे, "इथे जाऊन आलीस?" नाही म्हटलं की हलायचे नाहीत. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, उपग्रह दर दोन-चार दिवसांनी जाऊन येतोय की तिथे."

"उपग्रह पाहुणा आहे गं. घरातलं त्याला काय विचारतेस?"

पूर किती आला होता हे शोधण्याची त्यांची एक पद्धत होती. पुरुषमाणसांना ते विचारतच नसत. "पुरुष पाणी फुटात सांगतात आणि दर वर्षी एक फूट वाढवतात," म्हणायचे. ते घरातल्या बाईला विचारायचे, "बेन, पिठाचा डबा त्या वेळी कुठल्या फळीवर ठेवला होता? भिजला का?" बायका बरोबर सांगायच्या. ही फळी, हा डबा, आणि तळाला एवढा गंज चढला तो अजून आहे. काका नळी लावायचे, मोजायचे आणि वहीत लिहायचे. आमच्या नकाशात त्यांनी एक थर करायला लावला होता, त्याचं नाव 'डबा'. दुसऱ्या थराचं नाव 'मगर'. नदीतल्या मगरी उन्हाला काठावर जिथे येऊन पडतात त्या जागा त्यांनी एक-एक करून पाहिल्या होत्या. "तिला चढ-उतार शिकवावा लागत नाही. ती जिथे ऊन खाते तिथे काठ उतरता आहे, आणि पूर आला की आधी तिथूनच आत येतो." परदेशातून एक बाई आमचं काम बघायला आल्या होत्या. शेठनी त्यांना मोठ्या कौतुकाने सगळे थर दाखवले. 'डबा' आल्यावर शेठ जरा गडबडले आणि पुढे गेले. त्या बाईंनी मात्र तिथेच थांबवलं आणि तासभर काकांशी बोलत बसल्या. कुठल्या भाषेत, देव जाणे.

लग्नाकार्यात त्यांना नेणं म्हणजे संकट. आमच्यातल्या एकाच्या बहिणीचं लग्न पार्टी प्लॉटवर होतं. काका हातात ताट घेऊन मुलीच्या वडिलांपाशी गेले आणि म्हणाले, "तुमचा मांडव तलावाच्या बरोबर मधे आहे." वैशाखातलं लग्न, जमीन भेगाळलेली. त्या बापड्यांनी हात जोडले, "काका, तमे पहेलां जमी लो." काका शांतपणे जेवले. श्रीखंड दोनदा घेतलं. जाताना मांडवाच्या खांबापाशी उकिडवे बसून माती चिमटीत घेऊन बघत होते.

मला त्यांचा राग यायचा, हे लपवण्यात काही अर्थ नाही. मी चोवीस वर्षांची, हातात डिग्री, डोक्यात भलत्या कल्पना. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. माझा नकाशा या माणसाच्या पेन्सिलीखाली आठ-आठ दिवस अडकून राहायचा. जशीबेन चहा ठेवता ठेवता हसायच्या, "काका मारे घेर आव्या'ता. आखी गलीना डब्बा जोई गया." त्यांच्या गल्लीत त्यांनी सगळ्यांचे डबे बघितले होते म्हणे.

तर त्या उन्हाळ्यात आम्हाला पुराच्या इशाऱ्याच्या नकाशाचं काम मिळालं. कुठल्या खात्याचं ते सांगत नाही. नदीवरच्या पुलाला पातळीचे आकडे रंगवलेले आहेत, आणि पावसाळ्यात सगळं बडोदं "आज किती फूट?" हेच एकमेकांना विचारत असतं. आमच्या नकाशावरून ठरणार होतं की पुलावर आकडा अमुक झाला की कुठल्या भागातल्या लोकांच्या मोबाइलवर 'घर सोडा' असा संदेश जायचा. जे भाग निळे, त्यांना संदेश. जे हिरवे, म्हणजे उंचावरचे, त्यांना नाही. हिरव्या भागातल्या शाळा आसऱ्याच्या जागा म्हणून दाखवायच्या.

मी उपग्रहाच्या उंचीवरून नकाशा केला. छान झाला होता. काकांनी पेन्सिल टेकवली ती थेट नदीच्या वळणावर, जशीबेनच्या वस्तीवर. ती हिरवी आली होती, आणि तिथल्या शाळेवर मी आसऱ्याचं चिन्ह टाकलं होतं.

"उंबरा हिरवी कशी?"

"उंच आहे ते, काका. आकडे बघा ना."

"तिथे वड किती आहेत, माहीत आहे?"

नव्हतं माहीत. त्या गल्लीवर जुन्या वडांचा आणि शिरीषांचा एक मोठा मांडव आहे, पत्र्याचं छप्परसुद्धा वरून दिसत नाही. उपग्रहाला वरून जे पहिलं लागतं तीच त्याची जमीन. त्याने झाडांचे शेंडे मोजले होते आणि मी त्यावर शाळा उघडली होती. पण तेव्हा मी ऐकेना. म्हटलं, झाडाची चूक काढून टाकण्याची सोय त्या आकड्यांत आधीच केलेली असते. काकांनी नुसती नळी उचलली.

मग तीन रविवार आम्ही पुलापासून त्या वस्तीपर्यंत नळी लावत गेलो. मी, बडोद्याच्या रस्त्यावर, एका टोकाला नळी धरून उभी. काका दुसऱ्या टोकाला. तीस-तीस फुटांनी पुढे. ओळखीचे लोक स्कूटरवरून वळून बघायचे. मावशीने आईला फोन करून विचारलं, "तिची नोकरी नळाच्या कामावर आहे का गं?" एका पोलिसाने अडवलं. काकांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "चौकीचा ओटा किती?" त्याने खरोखर मोजून सांगितला आणि वर आम्हाला चहा पाजला.

दुसऱ्या रविवारी, दुपारी, दुधाच्या केबिनजवळच्या विजेच्या खांबापाशी मला माझ्या टोकाजवळ नळीत बुडबुडा दिसला. बोटभर लांब, आणि त्याच्या मागे दोन-तीन बारके. नळीत हवा राहिली की पातळी खोटी पडते, हे काकांनी पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं. तो काढायचा म्हणजे अख्खी नळी रिकामी करून, पुन्हा भरून, टिचक्या मारत मारत यायचं. अर्धा तास तरी. चार वाजता माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता आणि साडी इस्त्रीला दिलेली.

पलीकडून काकांनी ओरडून विचारलं, "बुडबुडा नाही ना गं?"

"नाही, काका."

त्या दिवशी उरलेले सगळे टप्पे आम्ही तसेच मोजले.

तिसऱ्या रविवारी आम्ही जशीबेनच्या दारात पोचलो. काकांनी उंबऱ्यावर बसून वहीत बेरजा-वजाबाक्या केल्या आणि म्हणाले, "सात फूट." नकाशात दाखवली होती त्यापेक्षा ती वस्ती सात फूट खाली होती. सात फूट म्हणजे जशीबेनच्या घराचं छप्पर.

शेठच्या केबिनमध्ये काकांनी वही ठेवली. म्हणाले, "वस्ती निळी करा. शाळेवरचं चिन्ह काढा. मगच सही." शेठ म्हणाले, एका गल्लीसाठी सगळे आकडे बदलले तर खातं विचारेल की बाकीचे तरी कशावरून बरोबर. मुदत आठवड्यावर आलेली. "काका, हवे बस करो." मग ते माझ्याकडे वळले, "तुम भी तो गई थी ना? तुम क्या कहती हो?"

काका माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं ते बरोबर आहेत. मला कायम करायचं की नाही, ते त्याच आठवड्यात ठरायचं होतं. मी म्हटलं, "नली आखिर नली है, सर. उसमें बुलबुले रह जाते हैं."

काकांनी वही बंद केली. रागावले नाहीत, काही नाही. नळी खांद्यावर घेतली आणि जिना उतरून गेले. लिफ्ट ते कधी वापरत नसत. ते परत आले नाहीत. 'तपासलं'च्या चौकटीत दुसऱ्या कुणाची तरी सही झाली. 'तयार केलं'मध्ये माझं नाव होतंच. महिन्याभराने मी कायम झाले, आणि आईने ऑफिसात पेढे पाठवले. जशीबेननी दोन खाल्ले.

पावसाळा लागायच्या आधी जशीबेनच कधीतरी म्हणाल्या की काका रोज वस्तीत येतात. नळी आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन. प्रत्येक घराच्या भिंतीवर त्यांनी एक आडवी रेघ ओढली होती आणि खाली पुलावरचा आकडा लिहिला होता. पुलावर एवढं झालं की इथे इथवर पाणी. बाकी काही नाही. पोरं त्यांना 'लीटीवाळा काका', रेघवाले काका, म्हणून चिडवायची. एका घरमालकाने नवीन रंग दिला होता, तो भांडला. काकांनी त्याच्या घरावर रेघ मारली नाही, समोरच्या वडाच्या बुंध्यावर मारली, त्याला दिसेल अशी.

श्रावणात वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी फुगली. सकाळपासून मोबाइल वाजत होते. निळ्या भागांत संदेश गेले. जशीबेनच्या वस्तीत गेला नाही. उलट शेजारच्या वस्त्यांतली माणसं गाठोडी घेऊन त्यांच्या शाळेकडे यायला लागली, कारण आमच्या नकाशाने तसं सांगितलं होतं. जशीबेन त्या दिवशी कामावर आल्या नव्हत्या. टीव्हीवर पुलाचा आकडा बघत होत्या, आणि आकडा रेघेखालच्या आकड्याच्या दोन फूट खाली असताना त्यांनी थाळी वाजवत गल्ली उठवली. मला नंतर त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं आठवतं, "मोबाइल कहे लीलुं छे. काकानी लीटी कहे भागो. में कह्युं, मोबाइल मारा घरे क्यारे आव्यो'तो? काका तो आव्या'ता." मोबाइल म्हणत होता हिरवं आहे, काकांची रेघ म्हणत होती पळा; पण मोबाइल कधी घरी आला नव्हता, काका आले होते. आलेल्यांनाही त्यांनी शाळेतून हुसकलं आणि सगळी माणसं पुढच्या उड्डाणपुलावर नेली. दुपारी तीनच्या सुमारास शाळेच्या खिडक्या पाण्याखाली गेल्या.

माणूस एकही गेला नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन जागेवर येऊन बसले.

पुलावर नदी बरोबर रेघेखालच्या आकड्यापर्यंत चढून थांबली होती. पाणी ओसरल्यावर मी वस्तीत गेले. प्रत्येक भिंतीवर चिखलाचा पट्टा होता, आणि तो सगळीकडे काकांच्या निळ्या रेघेच्या वर होता. चार बोटं. दर घराला चारच बोटं. जशीबेननी पत्र्याची पेटी रेघेच्या दोन बोटं वर येईल अशा बेताने विटांवर ठेवली होती. आत मुलीचे नर्सिंगचे कागद. सगळे भिजून एकमेकांना चिकटलेले. त्या ते वडाच्या पारावर एक-एक सोडवून वाळत घालत होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "माणस बच्या ने, बेन. कागळ तो सुकाई जशे."

काका येऊन गेले होते. रेघेच्या वर त्यांनी लाल रंगाची दुसरी रेघ मारली होती, आणि घरोघर हात जोडून सांगितलं होतं, माझी चार बोटं चुकली. लोकांना हसावं की रडावं कळेना. ज्याने जीव वाचवला तोच माफी मागतोय.

मला कळलं होतं चार बोटं कुठे गेली ते. पण मी काकांकडे गेले नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. जशीबेन सांगायच्या, काका अजून ती वही घेऊन बसतात, बेरजा तपासतात, कधी नळी घेऊन त्याच रस्त्याने एकटेच चालत येतात. दुसरं टोक धरायला माणूस नाही म्हणून खांबाला सुतळीने बांधतात. ते सुतळीचं ऐकलं आणि मला राहवलं नाही.

ते मकरपुऱ्याकडे बहिणीबरोबर राहत होते. तळमजला, सोसायटीतली सगळ्यात खोलगट जागा. मी विचारलं, "काका, तुम्ही? इथे?" तर म्हणाले, "पाणी आधी मला कळायला नको?" अक्कांनी चहा टाकला. मी चहा यायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. "काका, दुसऱ्या रविवारी माझ्या टोकाला बुडबुडा होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

"कुठल्या खांबाला?"

"दुधाच्या केबिनजवळच्या. बोटभर लांब, आणि मागे दोन-तीन बारके."

त्यांनी वही आणली, पान काढलं, त्या खांबासमोर पेन्सिलीने 'बुडबुडा' असं लिहिलं, आणि खालचे सगळे आकडे पुन्हा केले. दहा मिनिटं लागली. मग चष्मा काढला आणि इतके मोकळे हसले की अक्का आतून बघायला आल्या. "जमलं बघ! चार बोटं बरोबर जमली. शेठसमोर तू बुडबुड्यांचं बोललीस तेव्हाच माझ्या मनात आलं होतं."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं होतं की. तू नाही म्हणालीस."

ते आपले चहा बशीत ओतत होते. मला वाटलं, सुटले. हलकं हलकं वाटत होतं. बशी तोंडाला लावायच्या आधी ते सहज म्हणाले, "चार बोटांचं झालं. सात फुटांचं कोण सांगणार?"

नकाशा अजून तोच होता. खात्याच्या भिंतीवर, तेवढाच हिरवा, शाळेच्या चिन्हासकट, कोपऱ्यात माझं नाव. माणसं वाचली म्हणून कुणी तो परत उघडलाच नव्हता. पुढच्या पुरातही त्या वस्तीला संदेश जाणार नव्हता, आणि ज्या घरांवर नवीन रंग चढला तिथली रेघ गेली होती.

ते पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. अर्ध्या पानाचं पत्र. खात्याला, शेठच्या नावे एक प्रत. नकाशातली ही वस्ती उंचावर नाही, दाखवलीय त्यापेक्षा सात फूट खाली आहे, आणि नकाशा देताना हे मला माहीत होतं. शेवटचं वाक्य मी चार वेळा खोडलं, चार वेळा लिहिलं. याने नोकरी जाईल की काय, हे मी आईला विचारलं नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "खरं आहे ना? मग गुगल बंद कर आणि टाक पोस्टात."

टाकण्याआधी ते काकांना दाखवायला नेलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं, गमबूट घातलेले, कुठेतरी निघाले होते. शेवटच्या वाक्यावर ते थांबलेसुद्धा नाहीत. खिशातून पेन्सिल काढली, 'सात फूट'च्या पुढे काकपद घातलं आणि वर बारीक अक्षरांत लिहिलं, 'चार बोटं'.